गणपतीचे बारा दिवस जिम नाही, मग कमावलेलं उतरेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २७, लोट्याच्या एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी, तीन वर्षं आठवड्यातून सहा दिवस वेट ट्रेनिंग, मध्ये एकही मोठी सुट्टी नाही. यंदा गणपतीला राजापूर तालुक्यातल्या गावी बारा दिवस जायचंय. वाडीत जिम नाही. गेल्या वर्षी चारच दिवस गेला होता, तर परत आल्यावर आरशात ‘छाती बसलेली’ दिसली. म्हणून या खेपेला दहा-दहा किलोचे डंबेल्स बाइकला बांधून न्यावेत का, असं विचारतोय. जाता जाता शेवटच्या ओळीत लिहिलंय की डावा खांदा दोन महिने कुरकुरतोय, ‘पण ते विशेष नाही’.

मी रत्नागिरीत बावीस वर्षं व्यायामशाळा चालवतो. मला विचारशील तर तुझ्या प्रश्नात विशेष असं तेवढंच आहे. पण त्याकडे शेवटी येतो.

डंबेल्स नेऊ नकोस. पावसात, खड्ड्यांच्या रस्त्यावर, बाइकला वीस किलो लोखंड बांधून जाण्यासारखं त्यात काही नाही. बारा दिवसांत तुझं काहीही जात नाही. बावीस वर्षांत सुट्टी घेतली म्हणून कुणाचं वाटोळं झालेलं मी पाहिलेलं नाही. सुट्टीवरून परत आल्यावर पहिल्या आठवड्यात मात्र कितीतरी जणांची कंबर, खांदा, कोपर गेलेलं पाहिलंय. माझं स्वतःचंही. तेव्हा ‘सुट्टी घेऊ का’ हे विचारण्यापेक्षा ‘परत आल्यावर काय करू’ हे विचार.

आधी तुझी ती बसलेली छाती. रोज व्यायाम करणाऱ्याचा स्नायू कायम थोडा फुगलेला असतो. सोमवारी चेस्ट मारलीस की पुढचे दोन-तीन दिवस तिथे बारीकशी सूज राहते, ती उतरते न उतरते तोवर तू परत बेंचवर आडवा. तीन वर्षं तू तीच सुजलेली छाती आरशात पाहत आलायस आणि तिलाच आपली खरी छाती समजतोयस. चार दिवस गेले, सूज उतरली, बस. सुट्टी लांबली की त्यात साठवणीची भर पडते. स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा असतो. तुझ्यासारख्याच्या अंगात तो सगळा मिळून ४००-५०० ग्रॅम धर, आणि त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. व्यायाम थांबला की स्नायू हा साठा थोडा कमी ठेवतो, कारण त्याला तेवढ्याची गरज उरत नाही. साखर कमी झाली की तिच्याबरोबरचं पाणीही जातं. किलोभर वजन उतरतं, टी-शर्ट दंडावर सैल वाटतो. यात मांस एक ग्रॅमही गेलेलं नसतं. परत आल्यावर चार-पाच दिवस व्यायाम आणि पोटभर भात झाला की सगळं जिथल्या तिथे.

खरं किती दिवसांनी उतरतं? सगळ्यात आधी दम जातो. धावणाऱ्या-पोहणाऱ्या माणसाच्या रक्तातलं पाणी काही दिवसांतच कमी होऊ लागतं, आणि दहा-बारा दिवसांत चढावर धाप लागायला लागते. ताकद मात्र चिवट. नियमित वजन उचलणाऱ्याची ताकद दोन-तीन आठवडे जवळपास तशीच राहते, कित्येकांची महिनाभरसुद्धा. स्नायूचा आकार तिच्या आसपासच टिकतो. म्हणजे बारा दिवसांनी तू बार खांद्यावर घेऊन स्क्वॉटला, म्हणजे बैठकांना, उभा राहशील तेव्हा ताकद तीच असेल, पण चौथ्या रेपनंतर, म्हणजे चौथ्या बैठकीनंतर, कुत्र्यासारखी धाप लागेल. लोक त्या धापेलाच ‘ताकद गेली’ म्हणतात.

यावर झालेल्या अभ्यासांपैकी दोन मला आवडतात, कारण त्यात आपल्यासारखीच भीती मोजून पाहिली आहे. जपानमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तरुणांचे दोन गट केले. एक गट २४ आठवडे सलग बेंच प्रेस, म्हणजे बाकावर आडवं पडून बार वर ढकलणं, करत राहिला. दुसऱ्याने सहा आठवडे व्यायाम, तीन आठवडे पूर्ण बंद, परत सहा, परत तीन बंद, असं केलं. शेवटी मोजलं तेव्हा छातीचा आणि दंडाचा आकार, ताकद, सगळं दोन्ही गटांत जवळजवळ सारखं, आणि दुसऱ्या गटाने व्यायाम चतुर्थांशाने कमी केलेला. फिनलंडमधल्या युवास्कुला विद्यापीठाने २०२४ मध्ये याहून धाडस केलं. दहा आठवडे व्यायाम, दहा आठवडे काहीच नाही, मग परत दहा आठवडे. वीस आठवडे सलग करणाऱ्यांच्या बरोबरीला हे लोक येऊन पोचले. मधल्या दहा आठवड्यांत उतरलं होतं, नाही असं नाही. पण परत धरलं तेव्हा पहिल्या पाच आठवड्यांतच ते भरून निघालं.

आता यात एक मेख आहे, ती लपवत नाही. जपानमधली मुलं नवखी होती. नवख्याचं काहीही केलं तरी वाढतं. मुरलेल्या गड्यांवरचा एक प्रयोगही २०२४ मध्येच आला: नऊ आठवड्यांच्या मध्ये एक आठवडा पूर्ण सुट्टी. स्नायूंची वाढ सुट्टी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्यांत सारखीच निघाली, मात्र पायांची ताकद सुट्टी न घेणाऱ्यांची किंचित जास्त वाढली. म्हणजे ‘सुट्टी घ्या, मसल उसळून वाढेल’ असं सांगणारे जे आहेत त्यांचंही ऐकू नकोस. सुट्टी काही रसायन नव्हे. तिच्याने वाढत नाही आणि तिच्याने जातही नाही.

स्नायूला आठवण असते, ही म्हण तर आता नुसती म्हण राहिलेली नाही. ऑस्लो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांच्या स्नायूंत पाहिलं. ताण दिल्यावर स्नायूच्या तंतूत नवी केंद्रकं, म्हणजे पेशीचा कारभार चालवणारे गाभे, येतात, आणि पुढे तो स्नायू वाळला तरी ती केंद्रकं मरत नाहीत, तिथेच बसून राहतात. माणसात हे नेमकं किती लागू पडतं यावर अजून वाद चालू आहेत, पण अनुभव काय सांगतो ते माझ्याकडे दरवर्षी दिसतं. पावसजवळचा एक आंबा बागायतदार बारा-तेरा वर्षं येतोय. मार्च उजाडला की हा गायब. तोड, आढी, पेट्या, वाशीच्या गाड्या, यात मेअखेरपर्यंत त्याला जेवायला सवड नसते. जूनमध्ये पहिला पाऊस लागला की येतो, जुलै संपेस्तोवर जुन्या आकड्यांवर असतो. तीन महिने पेट्या उचलतो, हे खरं, अगदीच बसून नसतो. पण दरवर्षी तीन महिने खाडा करून तो आज माझ्याकडच्या बऱ्याच रोजच्या पोरांपेक्षा जड उचलतो. आणि चाळिशी ओलांडली तरी त्याचा एकही सांधा दुखत नाही.

मग सुट्टीच्याने वाढत नसेल तर घ्यायची कशाला? सांध्यांसाठी. स्नायू हाडाला बांधणारी जी दोरी असते, कंडरा, तिला रक्तपुरवठा स्नायूपेक्षा कमी आणि तिची डागडुजी फार सावकाश चालते. स्नायू दोन-तीन दिवसांत सावरतो, परत मागतो. कंडरा मागे पडते. आठवड्याला सहा दिवस, तीन वर्षं. तुझ्या खांद्याच्या दोऱ्यांवर ही उधारी साचत आलेली आहे. झोप, भूक, चिडचिड, हे उधारीचे दुसरे धनको.

बागायतदाराचा विषय निघालाच आहे तर सांगतो. हापूस मुळात वर्षाआड धरणारा. एक वर्ष लगडतो, एक वर्ष आराम करतो. मग पॅक्लोब्युट्राझोल आलं, ज्याला आपल्याकडे सरसकट कल्टार म्हणतात. ते घातलं की पालवी दबते आणि झाड दरवर्षी मोहोर काढतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारसही आहे त्याला, पण मात्रा मोजून आणि खत-शेणखत भरपूर घालून. खतात हात आखडता घेऊन नुसतं कल्टार ओतत राहिलं तर काही वर्षांत झाड थकतं, हे इकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तुमचे ते प्री-वर्कआउटचे डबे, व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीचे, म्हणजे व्यायामातलं कल्टार. नाइट शिफ्ट करून आलास, झोप चार तास, अंग नको म्हणतंय, आणि स्कूपभर कॅफिन घेऊन मोहोर काढतोयस. डब्यावर माझा राग नाही. झोपेचं खत नाही, त्यावर आहे.

शिफ्टवाल्यांबद्दल मी जरा हट्टी आहे. बाकीच्यांना सहा ते आठ आठवड्यांनी एक हलका आठवडा सांगतो, नाइट शिफ्टवाल्याला चार-पाच आठवड्यांनी. कॅलेंडर नको असेल तर अंगाला विचार. सकाळी डोळे उघडल्यावर, उठायच्या आधी, नाडी मोज. रोजच्यापेक्षा सात-आठ ठोके जास्त, तेही सलग तीन-चार दिवस, मग समजायचं. वॉर्मअपचा रिकामा बार जड लागायला लागला. जेवण समोर आलं तरी भूक नाही. थकलेला आहेस पण झोप लागत नाही. दोन आठवडे एकही आकडा पुढे सरकलेला नाही. घरच्यांवर विनाकारण खेकसतोस. यातलं एखादं सगळ्यांनाच होतं. तीन-चार एकदम आले तर तो शरीराचा तगादा आहे. तेव्हा सुट्टी तू घेतली नाहीस तर ते घेतं, आणि त्याची सुट्टी बारा दिवसांची नसते.

हलका आठवडा म्हणजे काय, तेही सांगतो, कारण यात पोरं उलटंच करतात. वजन अर्धं करतात आणि सेट तेवढेच ठेवून घाम काढतात. उलट कर: वजन ८०-९० टक्क्यांवर ठेव, सेट निम्मे कर, आणि प्रत्येक सेटमध्ये तीन-चार रेप्स शिल्लक ठेवून बार खाली ठेव. स्पर्धेत उतरणाऱ्या लिफ्टर आणि बॉडीबिल्डर मंडळींना विचारून केलेल्या एका पाहणीत असा हलका काळ सरासरी साडेपाच आठवड्यांनी आणि सहा-सात दिवसांचा निघाला होता. माझ्या अंदाजाशी जुळतं ते.

पूर्ण सुट्टी वर्षातून दोनदा-तीनदा पुरे. आणि कोकणातल्या माणसाला त्यासाठी वेगळं नियोजन करावं लागत नाही, ते आपल्या सणावारात आधीच आहे. शिमगा आणि गणपती. शेती असेल तर आषाढातली लावणी. शिमग्यात पालखी नाचवणाऱ्याने त्या आठवड्यात वर जिममध्ये येऊन खांदे मारू नयेत. पालखी खांद्यावर घेऊन तासन्‌तास नाचणं हा काही आराम नाही. माझ्याकडे चिरेखाणीवर काम करणारा एक मुलगा यायचा. दिवसभर चिरे उचलून गाडीत रचायचा आणि संध्याकाळी डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून बार उचलायला, उभा राहायचा. ‘सर, वाढत नाहीये.’ त्याला मी आठवड्यातून दोनच दिवस यायला लावलं, कंबरेचा व्यायाम बंद केला. तीन महिन्यांत वाढला. त्याचं खाणीवरचं काम मी त्याच्या वहीत सेट म्हणून धरलं, इतकंच.

साठीच्या पुढच्यांचं मात्र वेगळं, आणि हे वाचणाऱ्यांत कुणाचे आई-वडील व्यायाम करत असतील तर लक्षात असू दे. म्हाताऱ्या माणसाला सुट्टी चालते, अंथरूण चालत नाही. २००७ मध्ये निरोगी वयस्कांना दहा दिवस फक्त खाटेवर ठेवून पाहिलं होतं. पायांवरचं जवळजवळ किलोभर मांस गेलं. टिकवून धरायला तरुणापेक्षा वयस्काला जास्त लागतं, असंही एका दीर्घ प्रयोगात दिसलंय. आधी आठवड्याला तीन दिवस मांड्यांचा व्यायाम, मग तो एकतृतीयांश किंवा एकनवमांश करून आठ महिने. तरुणांचं एकनवमांशावरही टिकलं. साठी-सत्तरीतल्यांची ताकद टिकली, पण मांस उतरत गेलं. म्हणून आजोबांना गणपतीत रोज पाच-सहा वेळा खुर्चीतून हात न टेकता उठबस करायला सांग. तुला तेवढंही करायची गरज नाही.

गावी गेल्यावर काय करायचं? काही नाही. हे पचायला जड जाईल, मला माहीत आहे. पहिले दोन दिवस अंग खाजवल्यासारखं होईल, तिसऱ्या दिवशी तू खळ्यात पोरांना जमवून शंभर-शंभर जोर मारायला लावशील. नको. खांद्याला जोरही तेच, बेंचही तेच. चाल. वाडीतून देवळापर्यंत, देवळातून सड्यावर. मखराला लागेल ते उचल, विहिरीवरून पाणी काढ, गुरांसाठी गवत काप. समुद्रात पोहायला उतरू नकोस. भाद्रपदातला समुद्र अजून शांत झालेला नसतो आणि दरवर्षी कुणीतरी जातोच. रात्रीची भजनं आणि जाखडी बारा-एकपर्यंत चालणार, तेव्हा दुपारी पडवीत झोप काढ. वर्षभर जी झोप तू कंपनीला दिलीस ती इथे वसूल होते.

खाण्याचं फार मोजू नकोस. उकडीचे मोदक खा, तांदूळ-नारळ-गुळाने ग्लायकोजेनचं भलंच होतं. फक्त सोवळ्याच्या दिवसांत पोरांचं प्रोटीन एकदम तळाला जातं, तेवढं सांभाळ. वाढीसाठी दिवसाला दर किलो वजनामागे दीड ग्रॅमच्या आसपास लागतं. सुट्टीत एकापर्यंत आलं तरी आभाळ कोसळत नाही. काळ्या वाटाण्याची उसळ, वालाचं बिरडं, कुळथाची पिठी, दही, हे घरात असतंच. गौरीला ज्यांच्याकडे तिखटाचा नैवेद्य असतो त्यांना तर मी काही शिकवायला नको. क्रिएटिनची पावडर घेत असशील तर न्यायलाही नको; स्नायूतला साठा उतरायला चारेक आठवडे लागतात.

एक गोष्ट मध्येच, पण महत्त्वाची. या दिवसांत शेतातल्या पाण्यात, चिखलात अनवाणी उतरलास, पायाला जखम असेल, आणि आठ-दहा दिवसांनी ताप येऊन पोटऱ्या प्रचंड दुखायला लागल्या, तर ‘लेग डेचं दुखतंय’ म्हणून बसू नकोस. लेप्टोस्पायरोसिसमध्ये नेमक्या पोटऱ्याच दुखतात, डोळे लाल होतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी जा आणि पाण्यात उतरल्याचं आपणहून सांग. अंगदुखीसह आलेला कुठलाही ताप असला तर तो पूर्ण उतरून काही दिवस जाईपर्यंत बार हातात धरायचा नाही. काही विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणतात, आणि त्यात व्यायाम केला तर जिवावर बेततं.

आता परत येण्याबद्दल. मी एकतीस वर्षांचा होतो. गणपती विसर्जन करून आलो, दोन आठवडे बारला हात लावला नव्हता. दुसऱ्याच दिवशी सकाळी डेडलिफ्टला १४० किलो लावले. कारण वर सांगितलं तेच: ताकद गेलेली नव्हती. पहिला रेप पिसासारखा वर आला. दुसराही. विश्रांतीने अंग ताजं होतं, उलट जास्तच जोर वाटत होता. तिसऱ्याला कंबरेत उसण भरली. तीन आठवडे वाकून चप्पल घालता येईना, आणि माझ्याच व्यायामशाळेत मी खुर्चीवर बसून पोरांना फॉर्म शिकवत होतो. बार जड लागला असता तर मी थांबलो असतो. तो हलका लागला.

सुट्टीचा सगळा धोका त्या हलकेपणात आहे. स्नायू आपली ताकद धरून बसलेला असतो, पण दोन गोष्टी त्याच्याआधी मागे गेलेल्या असतात. एक, कंडरा. ती ताणाला सावकाश तयार होते आणि ताण थांबला की स्नायूच्या आधी सैल पडू लागते. दुसरी, अंगाची सवय. नियमित स्क्वॉट करणाऱ्याच्या मांड्या भरून येत नाहीत, कारण त्याच त्या ताणाने होणाऱ्या बारीक इजेपासून स्नायूने स्वतःला वाचवायला शिकून घेतलेलं असतं. काही आठवड्यांच्या खंडाने हे संरक्षण पातळ होतं. म्हणजे इंजिन तेच, ब्रेक घासलेले.

अमेरिकन फुटबॉलमध्ये २०११ साली याचा न ठरवता प्रयोग झाला. मालक आणि खेळाडूंच्या भांडणात काही महिने खेळाडूंना क्लबच्या मैदानावर, प्रशिक्षकांकडे जाता येईना. भांडण मिटलं, सराव एकदम पूर्ण जोरात सुरू झाला, आणि पहिल्या २९ दिवसांत बारा जणांच्या टाचेमागची कंडरा तुटली. त्यातल्या दहा पहिल्या बारा दिवसांतच. जगातले सर्वांत दणकट पाय ते. तू आणि मी कोण?

याच्या पुढचं टोकही आहे. लांब खाड्यानंतर ‘भरपाई’ म्हणून मित्रांच्या पैजेवर दोन-तीनशे बैठका मारायच्या, हे मी गावोगाव पाहिलंय. त्यातून स्नायूच्या पेशी फुटतात, त्यांतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं तुंबतात. दोन दिवसांनी मांड्या दगडासारख्या सुजल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर तेल चोळत बसायचं नाही, दुखण्याची गोळी घ्यायची नाही. थेट इस्पितळ.

तर तुझं असं कर. पहिल्या आठवड्यात तीनच दिवस जिमला जा, मध्ये एकेक दिवस सोडून. प्रत्येक दिवशी सगळं अंग, प्रत्येक व्यायामाचे दोन सेट, वजन जुन्याच्या साठ टक्के, शेवटच्या दिवशी सत्तर-पंचाहत्तर. हलकं लागेल. लागू दे. वहीत आकडा लिही आणि घरी जा. दुसऱ्या दिवशी मांड्या थोड्या भरल्या तर चालेल; जिना उतरताना कठडा धरावा लागला तर जास्त झालं असं समज. दुसऱ्या आठवड्यात चार दिवस, वजन ८५-९० टक्के, सेट जुन्याच्या तीन-चतुर्थांश. तिसऱ्या आठवड्याच्या मध्यावर जुना आकडा लाव. बहुतेकांचा तो त्या दिवशी एखाद-दुसऱ्या रेपने पुढे जातो. सुट्टीची करामत म्हण किंवा तीन वर्षांत पहिल्यांदा पोटभर झोपल्याची. आणि सहा दिवसांवर परत जाऊ नकोस, शिफ्ट ड्युटीला चार पुरेत.

राहिला खांदा. बारा दिवसांत तो दुखायचा थांबेल, आणि तू म्हणशील बरा झाला. दुखणं थांबणं आणि बरं होणं वेगळं. कंडरेचं दुखणं नुसत्या आरामाने शांत होतं आणि तोच ताण परत पडला की परत उठतं. म्हणून परतल्यावर पहिले सहा आठवडे बारबेलचा बेंच प्रेस बंद. डंबेल्सने कर, तळवे एकमेकांसमोर ठेवून, कोपर अंगाच्या जवळ, खाली छातीच्या रेषेपर्यंतच. मानेमागून खाली ओढायचा लॅट पुलडाउन कायमचा सोड. दर प्रेसमागे ओढण्याचे दोन सेट धर. तू पाठवलेल्या व्यायामाच्या यादीत चेस्टचे सोळा सेट आणि पाठीचे सहा आहेत, खांदा कशाने कुरकुरतोय हे शोधायला फार लांब जावं लागणार नाही. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, हात बाजूने वर नेताना मध्येच अडकत असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील, तर गणपतीला जायच्या आधीच हाडांच्या डॉक्टरला दाखव. आल्यावर नको, आल्यावर तू जाणार नाहीस.